गोठ्यातले प्रश्न : गायीच्या आतड्याच्या भिंतीत काय चालतं?

गेल्या अंकात वासरांच्या हगवणीवर लिहिताना मी ओघात एक वाक्य टाकलं होतं : वासराची रोगाशी पहिली झटापट आतड्याच्या भिंतीतच होते. त्या वाक्यावर एवढी पत्रं आली की संपादकांनी या महिन्याची सगळी जागा त्यालाच दिली. पत्रं थोडक्यात करून घेतली आहेत. नावं छापत नाही, कारण आपल्या गोठ्यातल्या आजाराची चर्चा गावभर व्हावी असं कोणालाच वाटत नसतं.

प्रश्न : मी नाशिकला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, घरी दिंडोरीजवळ चार गायी आहेत. गायीच्या पोटात अब्जावधी जंतू राहतात असं शिकवतात. मग तिची रोगप्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून का पडत नाही? आणि पडत नसेल, तर रोगाचे जंतू ती वेगळे ओळखते कसे?

असा प्रश्न पशुवैद्यकीय महाविद्यालयातली मुलंसुद्धा क्वचित विचारतात, म्हणून जरा लांबण लावते.

आधी आकडे बघ. कोठीपोटातल्या, म्हणजे आम्ही ज्याला रुमेन म्हणतो त्यातल्या, एका मिलिलिटर द्रवात साधारण एक हजार कोटी जिवाणू असतात. शिवाय लाखभर ते दहा लाख प्रोटोझोआ. मोठ्या संकरित गायीचं कोठीपोट शंभर-दीडशे लिटरचं. हे सगळे जंतू गायीचं पोट चालवतात. कडब्यातलं सेल्युलोज गायीला स्वतःला पचवता येत नाही, ते काम त्यांचं. आणि गंमत अशी, की हेच जंतू चाऱ्याबरोबर पुढे पोटाच्या चौथ्या कप्प्यात वाहून जातात, तेव्हा गाय त्यांनाच पचवते. तिथल्या रसात लायसोझाइम नावाचं, जिवाणूंचं कवच फोडणारं विकर भरपूर असतं. गायीला मिळणाऱ्या प्रथिनांतला मोठा वाटा या मेलेल्या जंतूंचा आहे. तेव्हा तुटून पडणं परवडणारं नाही, हे पहिलं.

आता भिंत. कोठीपोटाचं अस्तर कातडीच्या जातीचं असतं : अनेक थरांचं, वरून केराटिन चढलेलं, पण चिकट श्लेष्माचं आवरण नसलेलं. चौथ्या कप्प्यापासून पुढे सगळं बदलतं. आतड्याचं अस्तर एकाच पेशीच्या जाडीचं असतं. लहान आतडं चाळीस मीटरच्या आसपास लांब, आणि बाहेरचं जग व गायीचं रक्त यांच्यामध्ये तेवढ्या लांबीभर पेशींची एकच रांग आणि तिच्यावर श्लेष्माचा थर. म्हणून रोगप्रतिकारक पेशींची गर्दी तिथेच, त्या रांगेच्या खाली. शरीरातला अशा पेशींचा सर्वांत मोठा साठा आतड्यात असतो.

त्यात ठिकठिकाणी लसिका पेशींचे, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे, पुंजके असतात. योहान कॉनराड पायर या स्विस वैद्याने १६७७ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना पायर्स पॅचेस म्हणतात. या पुंजक्यांवरच्या अस्तरात एम पेशी नावाच्या खास पेशी असतात. आतड्यातून जे काही चाललंय त्यातलं थोडं थोडं उचलून त्या खाली सोपवतात. जुन्या जकात नाक्यावर प्रत्येक ट्रकमधलं एखादं पोतं उतरवून बघायचे, तसंच. खाली डेंड्रायटिक पेशी तो नमुना घेऊन लसिका गाठीपर्यंत जातात आणि टी पेशी नावाच्या लसिका पेशींना दाखवतात. बहुतेक वेळा निकाल ‘राहू द्या’ असाच लागतो. नियामक टी पेशी तयार होतात, त्या बाकीच्यांना आवरून धरतात. सोबत आयजीए नावाची प्रतिपिंडं, म्हणजे जंतूला धरणारी प्रथिनं, तयार होऊन श्लेष्मात उतरतात. ती जंतूला मारत नाहीत, त्याला चिकटून बसतात, म्हणजे तो अस्तराला चिकटू शकत नाही. हीच आयजीए लाळेतही असते, आणि गाय दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ गिळते.

मग शत्रू ओळखायचा कसा? बरंचसं जागेवरून. पोकळीतला जंतू पोकळीतच राहिला तर त्याला कोणी विचारत नाही. जिवाणूंच्या शेपटीतलं प्रथिन ओळखणारे काही संवेदक अस्तराच्या पेशींच्या वरच्या अंगाला नसून खालच्या अंगाला असतात. म्हणजे जंतू भिंतीपलीकडे पोचला तरच बोंब होते. हगवणीचा के-९९ ई. कोलाय अस्तराला घट्ट चिकटतो आणि विष सोडतो, साल्मोनेला सरळ आत घुसतो. वागण्यावरून ते पकडले जातात.

दोन गोष्टी खास जनावरांच्या. माणसाच्या रक्तातल्या टी पेशींत गॅमा-डेल्टा प्रकारच्या शंभरात पाचेक असतात. लहान वासराच्या रक्तातल्या लसिका पेशींत त्या तीसपासून साठपर्यंत सापडतात आणि वयाबरोबर कमी होतात. अस्तरातही त्यांची वस्ती असते, आणि नमुना कोणी आणून दाखवायची वाट न बघता त्या कामाला लागू शकतात. दुसरी गोष्ट : वासराच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पायर पुंजक्यांचा मीटर-दोन मीटर लांब सलग पट्टा असतो. शवविच्छेदनात तो हाताला जाड लागतो. वासरू वयात येईपर्यंत तो आटून जातो. वरच्या भागातले सुटे पुंजके मात्र आयुष्यभर राहतात. परळच्या महाविद्यालयात हा पट्टा पहिल्यांदा बघितला तेव्हा मला ते आजारी आतडंच वाटलं होतं, कारण मोठ्या जनावरात तसं काही दिसत नाही.

प्रश्न : सिन्नर तालुक्यात आमच्या तीन गायी आहेत. सासूबाई म्हणतात वार पडल्याशिवाय वासराला चीक पाजायचा नाही, नाहीतर गाय आजारी पडते. पहिला चीक खरवसवाल्यांना जातो, भावही चांगला मिळतो. वासरं मात्र महिन्याच्या आत हगवणीने जातात. काय करावं?

ताई, सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना एवढंच सांगा, की वासरू ओढतं तेव्हा गायीच्या अंगात ऑक्सिटोसिन सुटतं, त्याने गर्भाशय आकसतं आणि वार पडायला मदतच होते. हे बहुतेकींना पटतं, कारण बाळंतपणाचं त्यांनाही माहीत असतं.

आता वासराचं. माणसाच्या बाळाला आईच्या प्रतिपिंडांचा मोठा वाटा पोटातच वारेतून मिळतो. गायीची वार वेगळ्या घडणीची, तिच्यातून प्रतिपिंडं पलीकडे जात नाहीत. वासरू जन्मतं ते अगदी रिकामं. त्याच्याकडे पेशी असतात, पण त्या शिकलेल्या नसतात, आणि स्वतःची प्रतिपिंडं पुरेशी तयार व्हायला आठवडे लागतात. मधल्या काळात त्याला तारतो तो फक्त चीक.

यासाठी वासराच्या आतड्याची रचना काही तासच वेगळी असते. अस्तराच्या पेशी चिकातली मोठमोठी प्रथिनं अख्खी गिळून रक्तात सोडतात. पहिल्या सहा तासांत हे जोरात चालतं, मग तास जातील तसं मंदावतं, आणि चोवीस तासांनी दार बंद. त्यानंतर चीक कितीही पाजा, रक्तात काही जात नाही. आतड्याच्या पोकळीत तो थोडंफार काम करतो, एवढंच. वार पडायला आठ-दहा तास लागले आणि तोवर वासराला उपाशी बांधलं, तर सगळ्यात मोलाचे तास गेले. त्यात गोठ्यातले जंतू तोंडावाटे आधी पोचतात, आणि तेच अस्तर त्यांनाही आत घेऊ शकतं.

माप सांगते. तीस किलोच्या वासराला पहिल्या दोन तासांत तीन लिटर, म्हणजे वजनाचा दहावा हिस्सा. बारा तासांच्या आत आणखी दीड-दोन लिटर. बाटलीने पाजा, सडावर सोडून किती प्यायलं ते कळत नाही. चीक घट्ट, मधासारख्या रंगाचा असेल तर उत्तम. डेअरीत चिकाचा दाटपणा मोजणारं ब्रिक्स मीटर असेल तर २२ किंवा त्याहून वर आकडा यायला हवा.

या चिकात आईच्या जिवंत पांढऱ्या पेशीही असतात, एका मिलिलिटरमध्ये लाखोंनी. ताज्या चिकातून त्या वासराच्या अंगात जातात आणि त्याच्या स्वतःच्या पेशींना लवकर शहाणं करतात. फ्रीजरमध्ये गोठवलेल्या चिकात त्या मरतात, प्रतिपिंडं टिकतात. त्यामुळे गोठवलेला साठा जवळ असावा, पण आई जिवंत असताना तिचाच ताजा चीक बरा. गोठवलेला चीक कोमट पाण्यात ठेवून वितळवा. गॅसवर ठेवलात तर खरवस होईल, आणि त्या खरवसात प्रतिपिंडं शिजून गेलेली असतील.

विक्रीचं म्हणाल तर बंद करा असं मी म्हणत नाही. संकरित गाय पहिल्याच धारेला वासराला लागतो त्यापेक्षा जास्त चीक देते. वासराचा वाटा आणि एक बाटली साठ्याला काढा, उरलेला आणि दुसऱ्या दिवसाचा विका. दुसऱ्या दिवसाच्या चिकाचाही खरवस लागतो, जरा मऊ होतो एवढंच. आणि गाभण गायीला शेवटच्या दीड-दोन महिन्यांत रोटा, कोरोना आणि ई. कोलायची एकत्र लस मिळाली तर तिचा चीक हगवणीवर जास्त कामाचा होतो. ती लस मिळते का, हे डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : निफाड तालुका. अवकाळी पावसात द्राक्षं फुटली, व्यापाऱ्याने माल नाकारला. टाकून देण्यापेक्षा गायींना घातली, दोन्ही वेळ मिळून वीसेक किलो. दोन दिवसांत गायी गव्हाणीपासून लांब, शेण पातळ आणि फेसाळ, फॅट ३.८ वरून २.९. आता महिन्याने दोन गायी लंगडतात. द्राक्षात फवारणीचं औषध असेल का?

फवारणीचा संशय येणं साहजिक आहे, पण तुम्ही सांगताय ती सगळी लक्षणं साखरेची आहेत. खाण्याच्या द्राक्षात शंभरात सोळा-सतरा भाग साखर धरा. वीस किलोत तीन किलोच्या वर झाली. एवढी साखर कोठीपोटात पडली की जंतू तिचं आम्ल झपाट्याने करतात. एरवी तिथला सामू (पीएच) सहाच्या वर असतो, तो ५.६ च्या खाली जाऊन तासन् तास तिथेच राहतो.

यानंतर जे होतं त्यात रोगप्रतिकारक पेशींचा संबंध येतो. आम्लात जिवाणूंचा एक मोठा गट मरतो आणि मरताना त्यांच्या कवचातलं एलपीएस नावाचं विष मोकळं होतं. निरोगी अस्तर असेल तर ते पोकळीतून बाहेर जाऊन शेणात पडलं असतं. पण आम्लाने केराटिनचा थर सोलतो, खालच्या पेशींमधले सांधे उघडतात. जास्तीची साखर आणि पिष्ट पुढे मोठ्या आतड्यात गेलं तर तिथेही आंबतं, आणि तिथे अस्तर एकपदरी. तुमच्या शेणातला फेस तिथलाच. शेणात कधी शेंबडाचे, कातड्यासारखे पट्टे दिसतात, ते त्या भागातल्या सुजेतून सुटलेले असतात. ते दिसले तर डॉक्टरांना फोटो काढून दाखवा.

भिंत उघडली की एलपीएस रक्तवाहिनीतून थेट यकृतात. यकृतात कुप्फर पेशी त्याच कामासाठी बसलेल्या असतात, त्या गिळतात आणि इशारे सोडतात. यकृत हॅप्टोग्लोबिनसारखी सुजेची प्रथिनं ओतायला लागतं, गायीला कणकण येते, भूक जाते. काही जिवाणू सोललेल्या कोठीपोटातून यकृतात शिरून गळू करतात, त्यांतला फ्युसोबॅक्टेरियम नेक्रोफोरम हा मुख्य. खुराच्या आतल्या नाजूक थरात सूज येते, आणि खूर हळू वाढतो म्हणून लंगडणं आठवड्यांनी, महिन्याने दिसतं. तोवर शेतकरी द्राक्षं विसरलेला असतो. तुम्ही नाही विसरलात, म्हणून पत्र कामाचं आहे. फॅट पडली ती आम्लात जंतूंचं चरबी बदलण्याचं काम बिघडल्यामुळे.

लंगडणाऱ्या दोघींचे खूर कापणाऱ्याकडून नीट करून घ्या, मऊ जमिनीवर बांधा. पुढच्या हंगामात फुटीर माल घालायचाच असेल तर आधी कडबा नाहीतर सुकं गवत, मग थोडी द्राक्षं, दोन-तीन किलोपासून सुरुवात, आणि वाढवायचं ते दोन-तीन आठवड्यांत. त्या दिवसांत भरडा तेवढा कमी करा, नाहीतर आगीतून फुफाट्यात. खाण्याचा सोडा दिवसाला शंभर-दीडशे ग्रॅम खाद्यात मिसळता येतो, पण सोड्याच्या जिवावर वीस किलो द्राक्षं घालू नका. कुट्टीही फार बारीक करू नका. गाय जेवढी रवंथ करते तेवढी लाळ गिळते आणि लाळेतच तिचा स्वतःचा सोडा असतो. दुपारी गोठ्यात बसलेल्या गायी मोजा : निम्म्याहून जास्त रवंथ करत असतील तर ठीक चाललंय. एखादी गाय ढिगाऱ्यावर सुटून पोटभर खाऊन बसली, डोळे खोल गेले, तर तेल पाजत बसू नका. तासातासाचा प्रश्न असतो, डॉक्टरांना बोलवा.

वायनरीतून चोथा आणणाऱ्यांसाठी एक : लाल वाइनचा चोथा आंबून झाल्यावर निघतो, त्यात साखर फारशी उरत नाही, टॅनिन मात्र असतं. पांढऱ्या वाइनचा चोथा आंबण्याआधीच दाबून काढलेला, म्हणजे गोड. दोन्ही एकाच ट्रॉलीत येतात आणि शेतकऱ्याला कोणी सांगत नाही.

आणि लासलगावला भाव पडला की कांद्याचे ढीग गोठ्यात येतात, त्याबद्दलही याच पत्राच्या निमित्ताने. कांद्याचा त्रास निराळा, तो रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. लघवी लाल-कॉफीसारखी झाली तर गोचीडतापाची औषधं देण्याआधी डॉक्टरांना सांगा की कांदा घातला होता.

प्रश्न : मालेगाव. एप्रिल-मे मध्ये गायी कमी खातात हे समजतं, पण खाणं थोडंच कमी होतं आणि दूध भरमसाट पडतं. हे गणित जुळत नाही.

बरोबर आहे, जुळत नाही. संशोधकांनी थंड जागेतल्या गायींना मुद्दाम उन्हातल्या गायींएवढंच कमी खायला घालून बघितलं. कमी खाण्यामुळे दुधातली फार तर निम्मी घट समजावता आली. बाकीच्या घटीचा एक धागा आतड्यापाशी जातो.

उन्हात गाय अंग गार करायला रक्त कातडीकडे वळवते. ते आतड्याकडून काढलेलं असतं. आतड्याच्या अस्तराला प्राणवायू कमी पडतो, पेशींमधले सांधे सैल होतात, आणि वर द्राक्षाच्या उत्तरात सांगितलेलं एलपीएस इथेही आत झिरपतं. पेशी जाग्या होतात. जागी झालेली रोगप्रतिकारक पेशी चरबीवर फारशी चालत नाही, तिला ग्लुकोज लागतं. अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी दुभत्या होल्स्टीन गायींना एलपीएस टोचून हे मोजलं, २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं : बारा तासांत एक किलोच्या वर ग्लुकोज या पेशींनी खाल्लं. एक लिटर दुधाला गायीला सत्तरेक ग्रॅम ग्लुकोज लागतं. भागाकार तुम्हीच करा. प्रयोगातला डोस उन्हाच्या झिरपण्यापेक्षा जोरदार होता हे खरं, पण ग्लुकोज कासेऐवजी कुठे जातं ते त्यातून कळतं.

उपाय तुम्हाला माहीत आहेत : सावली, दिवसभर समोर पाणी, फॉगर असेल तर सोबत पंखा. पंख्याशिवाय फॉगर म्हणजे दमट गोठा. एक गोष्ट मात्र बहुतेक जण उलट करतात. गाय दुपारी खात नाही म्हणून संध्याकाळी भरडा दुप्पट टाकतात. त्याने आधीच सैल झालेल्या भिंतीवर आम्लाची भर पडते. भरडा तोच ठेवा, वाटे वाढवा, आणि मोठा वाटा चाऱ्याचा, रात्री आणि पहाटे.

प्रश्न : दुकानदाराने रोगप्रतिकारशक्ती वाढवणारी पावडर दिली आहे. रोज पन्नास ग्रॅम. द्यावी का?

डब्यावर काय लिहिलंय ते पाठवलं नाहीत. खनिज मिश्रण असेल, त्यात तांबं, जस्त, सेलेनियम, जीवनसत्त्व ई असेल, आणि तुमच्या चाऱ्यात त्यांची कमतरता असेल तर जरूर द्या, विशेषतः विण्याच्या आधी आणि नंतरच्या तीन आठवड्यांत. त्या दिवसांत पेशी खरोखरच ढिल्या पडतात. जिवंत यीस्ट असेल तर भरडा जास्त खाणाऱ्या गायींत ती कोठीपोट स्थिर ठेवायला मदत करते. याव्यतिरिक्त नुसती ‘शक्ती वाढवणारी’ असेल तर मालेगावच्या पत्रातला ग्लुकोजचा हिशोब पुन्हा वाचा. पेशी विनाकारण भडकलेल्या राहाव्यात अशी इच्छा कोणीच करू नये. भरडा गव्हाणीत ढीगभर, कुट्टी पिठासारखी, पाणी दोन वेळा, आणि वर पावडर : रोग रेड्याला अन् औषध पखालीला.

प्रश्न : येवल्याजवळचा आहे. बाजारातून आणलेली पाच वर्षांची संकरित गाय, व्याल्यापासून पिचकारीसारखं पातळ शेण. खाते चांगली, ताप नाही, पण हाडं वर आली. जबड्याखाली सूज. जंताचं औषध दोनदा, अँटिबायोटिक तीनदा झालं. थांबतं आणि पुन्हा सुरू होतं.

दादा, तुमच्या पत्रावरून जोन्स रोगाचा संशय येतो. पत्रावरून निदान होत नाही. रक्ताची एलायझा आणि शेणाची पीसीआर तपासणी करून घ्या, तालुक्याच्या दवाखान्यातून नमुना जिल्हा प्रयोगशाळेकडे जाऊ शकतो. पण तोवर हे वाचा.

हा क्षयाच्या जंतूच्या कुळातला जिवाणू. जर्मनीत ड्रेस्डेनला योने आणि फ्रॉदिंगहॅम यांनी १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं. बहुतेक वेळा तो वासरपणीच शिरतो, शेणाने माखलेल्या सडातून, दुधातून, चिकातून. शिरण्याची वाट कोणती? वर त्या विद्यार्थ्याला सांगितल्या त्याच एम पेशी. त्या नेहमीप्रमाणे नमुना उचलतात आणि खाली मॅक्रोफेज या भक्षक पेशीकडे देतात. ती जंतू गिळते, पण तिला तो मारता येत नाही. तिच्याच पोटात तो राहतो आणि वाढतो. वासराच्या आतड्यातला तो लांब पट्टा आठवतोय ना? म्हणून वासरंच जास्त बळी पडतात. दोन वर्षं, पाच वर्षं काहीच दिसत नाही. मग व्याल्याच्या ताणात सगळं उघड होतं.

त्यानंतरचं नुकसान बरंचसं गायीच्या पेशीच करतात. न मरणाऱ्या जंतूभोवती त्या गर्दी करत राहतात, आणखी मॅक्रोफेज, आणखी टी पेशी, आतड्याची भिंत जाड होऊन तिला मेंदूसारख्या वळ्या पडतात. अन्न शोषलं जात नाही, रक्तातली प्रथिनं आतड्यातून गळतात. जबड्याखालची सूज त्या प्रथिनांच्या कमतरतेची. भूक शाबूत असते, म्हणून घरचे म्हणतात खातेय तर, बरी होईल.

बरं करणारं औषध नाही. अँटिबायोटिकवर आणखी पैसे घालू नका. तपासणीत रोग निघाला तर ती गाय वेगळी बांधा, तिच्या शेणाचा खड्डा वेगळा करा, ते शेण चाऱ्याच्या शेतात टाकू नका, कारण जंतू माती-पाण्यात वर्षभरही तग धरतो. तिचं वासरू जन्मतःच बाजूला घ्या आणि दुसऱ्या निरोगी गायीचा चीक पाजा. चीक नक्की पाजा, पण तिचा नको. गोठ्यातल्या बाकीच्यांचीही तपासणी करा, विशेषतः तिच्या मुलींची.

आणि बाजाराचं. आपल्याकडे गाय कत्तलीला देता येत नाही, औषध नाही, मग शेतकऱ्यासमोर एकच वाट दिसते : थोडी सावरली की बाजारात उभी करायची. ती तुमच्याकडे अशीच आली असणार. तुमच्या खिशाला किती लागलं असेल याची मला कल्पना आहे, तरीही सांगते, नका उभी करू.

प्रश्न : इगतपुरी. आमच्या डांगी गायींना संकरितसारखे पोटाचे आजार होत नाहीत. त्यांच्या आतड्यातल्या पेशी वेगळ्या असतात का?

डांगीचा अभिमान मलाही आहे, घोटीच्या प्रदर्शनात त्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा बघायला मी अजून जाते. पण श्रेय आधी तिच्या जेवणाला द्या. ती रानात चरते, दूध मोजकं देते, भरडा तिला जवळजवळ मिळतच नाही. म्हणजे तिचं कोठीपोट आम्लात जात नाही, भिंत सोलत नाही, पेशींना उगाच भडकायचं कारण उरत नाही. तीच गाय निफाडला आणून वीस किलो द्राक्षं घाला, तीही लंगडेल.

पावसाळ्यात मात्र तुमच्या भागात एक पोटाचा आजार डांगीलाही सोडत नाही, तो म्हणजे भातखाचरातल्या गोगलगायींमधून येणारे पर्णकृमी. कोठीपोटात मोठे झालेले कृमी फारसा त्रास देत नाहीत. त्रास देतात ती त्यांची पिल्लं, लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात रुतून बसलेली. तिथे इओसिनोफिल आणि मास्ट पेशी धावून येतात, श्लेष्मा वाढतो, आतडं ढवळून निघतं, म्हणजे त्या पेशी पिल्लांना धुऊन काढायला बघतात. म्हणून घाण वासाची पातळ हगवण. पिल्लं अंडी घालत नाहीत, त्यामुळे शेणाच्या तपासणीत त्या वेळी काहीच सापडत नाही आणि अहवाल ‘निरंक’ येतो. शेण पाण्यात धुऊन बघा, कधी कधी तांबूस दाण्यांएवढे कृमी नुसत्या डोळ्यांना दिसतात. नेहमीचं अल्बेंडाझोल यांच्यावर चालत नाही. डॉक्टरांकडून ऑक्सिक्लोझानाइडचा डोस वजनावर काढून घ्या, आणि खाचरालगतच्या डबक्यावर पाणी पाजणं पाऊस उघडेपर्यंत बंद ठेवा.